न आलेल्या अश्रूंची साक्ष

दरवर्षी २३ जुलै रोजी जगातील अनेक देशांत एका विलक्षण आजाराचा दिन पाळला जातो. या आजाराने ग्रासलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. कांदा चिरताना येत नाही, वारा लागला तरी येत नाही आणि घरातले माणूस गेले तरी येत नाही. तोंडाला कोरड पडते, पोळीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही, सांधे धरतात आणि सारे अंग सदोदित थकलेले असते. ज्याच्या डोळ्यांतून टिपूसही येत नाही, त्याला आपण मराठीत दगडाच्या काळजाचा म्हणतो. या रुग्णांच्या बाबतीत मात्र दोष काळजाचा नसतो. त्यांच्या शरीराचे रक्षण करण्यासाठी असलेल्या पेशीच अश्रुग्रंथींवर आणि लाळग्रंथींवर चालून गेलेल्या असतात. या आजाराला हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रवैद्याचे नाव मिळाले आहे आणि २३ जुलै हा त्यांचा जन्मदिवस. आज कोणत्याही मोठ्या शहरातल्या नेत्ररुग्णालयात वा संधिवाताच्या दवाखान्यात हे नाव रोज उच्चारले जाते. मात्र ज्या प्रबंधामुळे ते अजरामर झाले, त्याच प्रबंधाने त्यांच्यासाठी विद्यापीठाचे दार बंद केले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

हेन्रिक सॅम्युएल कॉनराड शोग्रेन यांचा जन्म १८९९ मध्ये स्वीडनमधील श्योपिंग या गावी झाला. मेलारेन सरोवराच्या पश्चिम टोकाजवळचे हे लहानसे गाव विज्ञानाच्या इतिहासात आधीच नोंदले गेलेले होते. ऑक्सिजन वायू स्वतंत्रपणे शोधून काढणारे कार्ल विल्हेल्म शेले यांनी आपली अखेरची वर्षे याच गावात औषधाचे दुकान चालवीत काढली आणि १७८६ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. शेले यांचा शोध छापून येण्यास उशीर झाला आणि श्रेयाचा मोठा वाटा दुसऱ्यांकडे गेला. राजधानीपासून दूर, आडगावात बसून काम करणाऱ्या माणसाला दाद मिळायला वेळ लागतो, याचे ते ठळक उदाहरण. त्याच गावात जन्मलेल्या या मुलाच्या वाट्यालाही पुढे तसाच विलंब यायचा होता.

शोग्रेन यांचे वैद्यकीय शिक्षण स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत झाले. १९२७ मध्ये त्यांनी वैद्यकीय व्यवसायाची पात्रता मिळवली. मारिया हेलग्रेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांनी नेत्रवैद्यक हे क्षेत्र निवडले आणि राजधानीतील जुन्या, नामांकित सेराफिमर रुग्णालयात अनुभव घेतला. १७५२ मध्ये सुरू झालेले हे स्वीडनमधील पहिले रुग्णालय. नेत्रवैद्यकाला त्या काळी चांगले दिवस आले होते. डोळ्याच्या आतील भाग पाहण्याची उपकरणे प्रगत झाली होती, बुबुळाच्या पारदर्शक पडद्याची बारीकसारीक तपासणी प्रकाशाच्या अरुंद झोतात करता येऊ लागली होती. साहजिकच डोळा हा स्वतंत्र, स्वयंपूर्ण अवयव म्हणून अभ्यासण्याकडे डॉक्टरांचा कल होता. डोळ्याचा डॉक्टर डोळा पाही, दातांचा डॉक्टर तोंड पाही आणि सांधे दुखणारा रुग्ण तिसऱ्याच दारी जाई.

या तीन दारांमध्ये विखुरलेली लक्षणे शोग्रेन यांच्या आधीही काहींच्या नजरेस आली होती. जर्मन नेत्रवैद्य थिओडोर लेबर यांनी १८८२ मध्ये बुबुळावर चिकट तंतू लोंबकळत असल्याचे वर्णन केले होते. १८८८ मध्ये लंडनच्या हॅडन यांनी तोंड व डोळे एकाच वेळी कोरडे पडल्याची नोंद केली. त्याच वर्षी क्योनिग्सबर्ग येथे शल्यविशारद मिकुलिझ यांनी अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथी सुजलेल्या एका शेतकऱ्याची हकिगत मांडली. पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ आंरी गुजरो यांनी १९२५ च्या सुमारास शरीरातील निरनिराळ्या ओलसर अस्तरांना कोरड पडलेल्या रुग्णांचे वर्णन केले, तर हॉलंडच्या हाउवर यांनी १९२७ मध्ये बुबुळावरील तंतू आणि संधिवात यांचा संबंध असावा असे सुचवले. म्हणजे मणी सगळे होते, पण ओवणारा दोरा नव्हता. प्रत्येकाने आपापल्या खिडकीतून दिसला तेवढा भाग पाहिला होता.

१९३० च्या सुमारास शोग्रेन यांच्यापुढे एक मध्यमवयीन स्त्री आली. डोळ्यांत सतत वाळू गेल्यासारखी खुपत होती, तोंड कोरडे पडत होते आणि सांध्यांच्या जुनाट दुखण्याने ती बेजार झाली होती. अशी रुग्ण कोणत्याही दवाखान्यात नवीन नव्हती. चाळिशी-पन्नाशीतली स्त्री, रजोनिवृत्तीचा काळ, एकाच वेळी अनेक तक्रारी. अशा वेळी अंगावर येणाऱ्या वयाचे किंवा मनाचे निदान करून तिची बोळवण करणे डॉक्टरांना सोपे जाते. शोग्रेन यांनी तसे केले नाही. तिन्ही तक्रारी एकाच माणसाच्या शरीरात एकाच वेळी का याव्यात, हा साधा प्रश्न त्यांनी धरून ठेवला आणि तशाच रुग्णांचा शोध सुरू केला.

त्यांच्याकडे साधने होती ती अगदी साधी. ओटो शिर्मर या जर्मन नेत्रवैद्याने १९०३ मध्ये एक चाचणी सुचवली होती. टिपकागदाची अरुंद पट्टी खालच्या पापणीच्या आत अडकवायची आणि पाच मिनिटांनी ती किती मिलिमीटर भिजली ते मोजायचे. निरोगी डोळ्यात पट्टी भराभर ओली होते. शोग्रेन यांच्या रुग्णांच्या बाबतीत ती जवळजवळ कोरडीच राहत असे. दुसरे साधन म्हणजे रंग. रोझ बेंगाल नावाचा गुलाबी रंग डोळ्यात टाकला की, अश्रूंच्या अभावी इजा झालेल्या पेशी तो शोषून घेतात आणि पापण्यांच्या मध्ये उघडा राहणारा पट्टा लालसर ठिपक्यांनी भरून जातो. या रंगाचा पद्धतशीर वापर करून कोरड्या डोळ्याचे निदान करण्याची रीत शोग्रेन यांनी रूढ केली. आजही नेत्रवैद्य रंग टाकून डोळ्यावरील ठिपके मोजतात, ते त्याच वाटेने.

परंतु त्यांचे खरे काम सूक्ष्मदर्शकाखाली झाले. रुग्णांच्या अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींच्या ऊतींचे पातळ काप त्यांनी तपासले. ज्या ठिकाणी स्रवणाऱ्या पेशींचे घोस दिसायला हवेत, तिथे लहान, गोल, गडद केंद्रकाच्या पेशींची गर्दी झाली होती. या पेशी म्हणजे लिम्फोसाइट, म्हणजेच रोगप्रतिकाराचे शिपाई. डोळ्याच्या ग्रंथीत आणि तोंडाच्या ग्रंथीत एकच चित्र होते. यावरून निष्कर्ष निघत होता की, आजार डोळ्याचा नाही. तो साऱ्या शरीराचा असून डोळा हे त्याचे केवळ एक ठिकाण आहे.

१९३३ मध्ये त्यांनी आपला डॉक्टरेटचा प्रबंध जर्मन भाषेत सादर केला. १९ स्त्रियांच्या सविस्तर नोंदी त्यात होत्या आणि त्यांपैकी १३ जणींना सांध्यांचा विकार होता. अ जीवनसत्त्वाच्या अभावी डोळे कोरडे पडून दृष्टी जाते, हे तोवर माहीत झाले होते. त्या आजाराशी आपल्या निरीक्षणांची गल्लत होऊ नये म्हणून शोग्रेन यांनी ‘केराटोकंजंक्टिव्हायटिस सिका’ असे स्वतंत्र नाव योजले. उपासमारीने आलेली कोरड वेगळी आणि खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरातील स्त्रीला आलेली ही कोरड वेगळी, हे या नावामुळे स्पष्ट झाले.

प्रबंध स्वीकारला गेला, पण त्याला मिळालेली श्रेणी डोसेंट या पदासाठी अपुरी ठरली. स्वीडनच्या विद्यापीठीय व्यवस्थेत डोसेंट होणे म्हणजे अध्यापन आणि संशोधनाच्या शिडीवरची पहिली पायरी. ती पायरीच न मिळाल्याने प्राध्यापक होण्याची वाट तिथेच संपली. नेत्रवैद्यकातील प्रबंधाने सांध्यांवर आणि लाळेवर बोलावे, हे त्या काळच्या चौकटीत बसणारे नव्हते. शिवाय प्रबंधात एक मोठी पोकळीही होती. ग्रंथींत शिरलेल्या पेशी तिथे का आल्या, कोणी बोलावल्या, याचे उत्तर शोग्रेन देऊ शकत नव्हते. ते देणे त्या वेळी कोणालाच शक्य नव्हते. शरीर स्वतःवरच शस्त्र उगारू शकते, ही कल्पना वैद्यकाने जवळजवळ अशक्य मानली होती. ती प्रयोगांनी सिद्ध होण्यासाठी १९५० चे दशक उजाडावे लागले. त्यामुळे शोग्रेन यांच्या हाती आरोपी होता, पुरावा होता, मात्र गुन्ह्याची व्याख्याच अजून लिहिली गेलेली नव्हती.

राजधानीत भवितव्य उरले नाही, तेव्हा १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात शोग्रेन दक्षिणेकडील यॉनश्योपिंग शहरी गेले. व्हेटर्न सरोवराच्या दक्षिण टोकाला वसलेले हे शहर आगकाड्यांच्या उद्योगासाठी जगभर प्रसिद्ध होते. याच स्वीडिश उद्योगाची एक फांदी पुढे ‘विमको’च्या रूपाने अंबरनाथपर्यंत पोहोचली आणि महाराष्ट्रातील घराघरांत तिच्या काड्यापेट्या गेल्या. शोग्रेन यांनी तिथल्या रुग्णालयाचा नेत्रविभाग सांभाळला. जिल्ह्याच्या ठिकाणचा डॉक्टर जे करतो ते सारे त्यांनी केले. मोतीबिंदू काढले, शेतात आणि कारखान्यात झालेल्या इजा दुरुस्त केल्या, चष्म्याचे नंबर काढले. बुबुळाचा पारदर्शक पडदा बदलण्याच्या शस्त्रक्रियेतही त्यांनी लक्ष घातले. प्रबंधाची कटुता उगाळत बसण्याऐवजी त्यांनी कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी ठेवणे चालूच ठेवले आणि जमेल तसे त्यावर लिहीतही राहिले.

दरम्यान युरोपात महायुद्ध पेटले. जर्मन भाषेतला प्रबंध इंग्रजी वाचणाऱ्या जगात पोहोचण्याचा मार्ग अधिकच बिकट झाला. अशा वेळी मदत आली ती पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर होबार्ट येथे काम करणारे नेत्रवैद्य ब्रूस हॅमिल्टन यांना या कामाचे महत्त्व जाणवले. त्यांनी प्रबंधाचे इंग्रजीत भाषांतर केले आणि १९४३ मध्ये ते सिडनी येथून प्रसिद्ध झाले. ज्या प्रबंधाला मायदेशात पुरेसे गुण मिळाले नव्हते, त्याला युद्धाच्या धामधुमीत एका परक्या डॉक्टरने स्वतःहून आपल्या भाषेत आणावे, ही घटना विज्ञानाच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही. मात्र या भाषांतराशिवाय शोग्रेन हे नाव कदाचित स्वीडनच्या एका ग्रंथालयातच राहिले असते.

युद्धानंतर चित्र पालटू लागले. १९५३ मध्ये अमेरिकेतील मॉर्गन आणि कॅसलमन या विकृतिशास्त्रज्ञांनी मिकुलिझ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथींच्या सुजेची आणि शोग्रेन यांच्या आजाराची ऊतींच्या पातळीवर तुलना केली. दोन्हींचे सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र एकच असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. १९६५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डॉक्टरांनी ६२ रुग्णांचा सखोल अभ्यास प्रसिद्ध केला. हा आजार संधिवाताबरोबर येतो, तसाच संधिवाताशिवायही येतो, हे त्यामुळे पक्के झाले. त्याच सुमारास आणखी एक गंभीर गोष्ट ध्यानात आली. ग्रंथींत वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेल्या लिम्फोसाइट पेशींतून काही रुग्णांमध्ये लसिका ग्रंथींचा कर्करोग उद्भवतो. म्हणजे कोरडे डोळे ही केवळ गैरसोय नव्हती. ती कधी कधी जिवावरच्या संकटाची सूचना होती. १९७५ मध्ये रुग्णांच्या रक्तातील दोन वैशिष्ट्यपूर्ण प्रतिपिंडांना ‘शोग्रेन सिंड्रोम’ या नावाचीच आद्याक्षरे मिळाली आणि एसएस-ए व एसएस-बी ही नावे प्रयोगशाळांच्या अहवालांत रुजली.

मायदेशाने मान दिला तो असा उशिरा आणि टप्प्याटप्प्याने. १९५७ मध्ये गोटेनबर्ग येथे त्यांना डोसेंट हा बहुमान मिळाला. प्रबंधाला तोवर २४ वर्षे होऊन गेली होती आणि शोग्रेन अठ्ठावन्न वर्षांचे झाले होते. १९६१ मध्ये स्वीडिश सरकारने त्यांना प्राध्यापक ही पदवी दिली. पुढे अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने आणि ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्यांच्या संस्थेने त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. नेत्रवैद्याचा गौरव संधिवाततज्ज्ञांनी करावा, यातच त्यांच्या मूळ प्रतिपादनाचा विजय होता. निवृत्तीनंतर ते लुंड या विद्यापीठनगरीत राहिले. १९८६ मध्ये कोपनहेगन येथे या आजारावरील पहिला आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी लुंड येथे शोग्रेन यांचे निधन झाले. वयाची ८७ वर्षे त्यांनी पूर्ण केली होती. श्योपिंगचे शेले जाऊन तेव्हा बरोबर दोनशे वर्षे झाली होती.

शोग्रेन यांच्या प्रबंधात जी पोकळी होती, ती भरून काढण्याचे काम त्यांच्या पश्चात एका अनपेक्षित साक्षीदाराने केले. तो साक्षीदार म्हणजे खुद्द अश्रू. शोग्रेन यांनी अश्रू किती आहेत ते मोजले होते. त्यात काय आहे हे पाहण्याची साधने त्यांच्या काळात नव्हती. अश्रू म्हणजे नुसते खारट पाणी नव्हे, हे मात्र तेव्हाही ज्ञात होते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये जिवाणूंचा नाश करणारे लायसोझाइम हे द्रव्य जाहीर केले, तेव्हा ते अश्रूंत भरपूर असल्याचे त्यांना आढळले होते. एका डोळ्यावर एका वेळी जेमतेम सात मायक्रोलिटर अश्रू असतात, म्हणजे पाण्याच्या एका थेंबाहूनही कितीतरी कमी. या इवल्याशा द्रवात शेकडो प्रथिने असतात, हे प्रयोगशाळांतील तंत्र सुधारल्यावर उलगडत गेले. कोरड्या डोळ्यांच्या रुग्णाकडून हा द्रव मिळवणे म्हणजे आटलेल्या विहिरीतून पाणी शेंदण्यासारखेच. बारीक काचनळीने तो टिपावा लागतो, किंवा शिर्मर यांच्या त्याच कागदी पट्टीवर मुरलेला द्रव धुऊन काढावा लागतो.

मोजमाप शक्य झाल्यावर जे दिसले, ते शोग्रेन यांच्या सूक्ष्मदर्शकातील चित्राशी तंतोतंत जुळणारे होते. या रुग्णांच्या अश्रूंत लायसोझाइम, लॅक्टोफेरिन यांसारखी ग्रंथीने निर्मिलेली संरक्षक द्रव्ये घटलेली असतात, कारण ती बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. उलट दाह पेटवणारे आणि पसरवणारे रेणू वाढलेले असतात. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८, इंटरल्यूकिन-१७, इंटरफेरॉन-गॅमा, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर अशी त्यांची नावे आहेत. हे रेणू म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. अश्रू आटले की उरलेला द्रव अधिक खारट होतो. त्या खारटपणाने बुबुळावरील पेशी त्रस्त होतात आणि मदतीसाठी निरोप पाठवतात. ते ऐकून लिम्फोसाइट धावून येतात आणि अधिक नासधूस करतात. त्यामुळे अश्रू आणखी आटतात. या दुष्टचक्रात एमएमपी-९ नावाचे एक विकरही वाढते. बुबुळाच्या पेशींना परस्परांशी घट्ट जोडून ठेवणारे सांधे ते कातरते आणि रोझ बेंगालचे ठिपके जिथे उमटतात त्या जखमांना वाट करून देते.

या ज्ञानाने उपचारांची दिशा बदलली. शोग्रेन यांच्या काळी कोरड्या डोळ्यात कृत्रिम थेंब टाकणे, यापलीकडे फारसे हाती नव्हते. आगीवर शिंपडलेले ते पाणी होते. आग तशीच राहत असे. रोगप्रतिकाराला लगाम घालणारे सायक्लोस्पोरिन हे औषध शोग्रेन यांच्याच शेजारदेशातून, नॉर्वेच्या पठारावरील मातीत सापडलेल्या एका बुरशीतून मिळाले. अवयव प्रत्यारोपणात ते आधी वापरले गेले. कोरड्या डोळ्यांच्या कुत्र्यांवर त्याचा उपयोग होतो हे पशुवैद्यकात दिसून आले आणि डिसेंबर २००२ मध्ये माणसांसाठी त्याच्या थेंबांना अमेरिकेत मान्यता मिळाली. २०१६ मध्ये दाह रोखणाऱ्या लिफिटेग्रास्ट या आणखी एका औषधाची भर पडली. २००७ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी कोरड्या डोळ्याची व्याख्या नव्याने केली, तेव्हा अश्रूंचा खारटपणा आणि डोळ्याच्या पृष्ठभागाचा दाह या दोन्हींना त्या व्याख्येत स्थान दिले गेले.

तरीही अश्रूंची साक्ष जपूनच वाचावी लागते. एमएमपी-९ वाढले आहे की नाही, हे अश्रूंच्या एका नमुन्यावरून दहा-पंधरा मिनिटांत दाखवणारी चाचणी निघाली आणि २०१३ मध्ये अमेरिकेत ती वापरात आली. ती दाह आहे एवढे सांगते. तो कशामुळे आहे हे सांगत नाही. पापण्यांच्या तेलग्रंथी बिघडल्या, अॅलर्जी झाली वा जंतुसंसर्ग झाला, तरी हाच निर्देशक वाढू शकतो. नमुना घेताना डोळा चुरचुरला आणि एकदम पाणी आले, तर रेणूंचे प्रमाण पातळ होऊन फसवे उत्तर मिळते. एका प्रयोगशाळेतील आकडे दुसरीशी जुळतीलच असे नाही. म्हणूनच २०१६ मध्ये अमेरिका आणि युरोपातील संधिवाततज्ज्ञांनी मिळून जे निकष ठरवले, त्यांत अश्रूंतील दाहसूचक रेणूंना जागा मिळाली नाही. ओठाच्या आतील सूक्ष्म लाळग्रंथींच्या तपासणीला आणि रक्तातील एसएस-ए प्रतिपिंडाला प्रत्येकी तीन गुण, तर पट्टीवरील ओल, डोळ्यावरील रंगीत ठिपके आणि लाळेचे प्रमाण यांना प्रत्येकी एक गुण अशी ती रचना आहे. चार गुण भरले की निदान मान्य होते. पाच मिनिटांत पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजलेली पट्टी हा त्यातला एक गुण. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा तो टिपकागद अजून हद्दपार झालेला नाही.

या आजाराच्या दहा रुग्णांमागे साधारण नऊ स्त्रिया असतात आणि त्यांतल्या बहुतेकींना तो मध्यमवयात गाठतो. पुष्कळजणींना योग्य निदान होईपर्यंत वर्षानुवर्षे एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरावे लागते. डोळ्यांत वाळू असल्यासारखे वाटते, ही तक्रार डोळे लालही दिसत नसताना ऐकणाऱ्याला पटत नाही. दातांची झपाट्याने होणारी कीड तोंडाच्या कोरडेपणाशी जोडली जात नाही. अंगातल्या थकव्याला तर कोणतेच यंत्र मोजू शकत नाही. अश्रूंतील रेणूंचे मोजमाप उद्या अधिक भरवशाचे झाले, तर त्याचा पहिला लाभ या स्त्रियांना मिळेल. त्यांचे दुखणे कल्पनेतले नाही, याचा पुरावा त्यांच्याच डोळ्यांतून काढता येईल आणि दिलेले औषध आग विझवते आहे की नाही, हेही कळेल.

अलीकडे जगभरच्या तज्ज्ञांनी आणि रुग्णसंघटनांनी आणखी एक पाऊल उचलले आहे. ‘शोग्रेन सिंड्रोम’ या नावातील सिंड्रोम हा शब्द काढून त्याऐवजी ‘शोग्रेन रोग’ म्हणावे, असा आग्रह त्यांनी धरला आहे. लक्षणांचे नुसते गाठोडे असे त्याचे स्वरूप नसून निश्चित कारणपरंपरा असलेला तो सर्वांगाचा विकार आहे, हे त्यामागचे म्हणणे. कॅरोलिन्स्कामध्ये १९३३ मध्ये एका तरुण नेत्रवैद्याने १९ स्त्रियांच्या नोंदींच्या आधारे मांडलेले म्हणणेही याहून फारसे वेगळे नव्हते. आपल्या नावापुढचा शब्द बदललेला पाहायला हेन्रिक शोग्रेन हयात नाहीत. यॉनश्योपिंगच्या रुग्णालयात कोरड्या डोळ्यांची कोणी स्त्री आली की, ते आधी तिच्या पापणीत पट्टी अडकवीत आणि नंतर तिच्या सांध्यांची व तोंडाची विचारपूस करीत. आज या आजाराची शंका आलेला नेत्रवैद्यही रुग्णाला हेच प्रश्न विचारतो.